अस्तर भिजवायचं राहिलं

ब्लाऊज शिवणाऱ्या बाईच्या बोटाला सुई टोचतेच. हूक लावताना, काज करताना, तुरपाई करताना, कधी ना कधी टोचते. बोट तोंडात घालायचं, स्वतःलाच दोन शब्द सुनवायचे आणि पुढचा टाका घ्यायचा. मला शिवण शिकवणाऱ्या बाईंनी हेच शिकवलं आणि इतकी वर्षं मी हेच करत आले. मग एका दुष्काळात मला त्या सुईचीच भीती बसली. मशीनवर चादर टाकून मी घरात बसून राहिले.

ते दिवस मी लिहून काढते आहे, कारण नांदेडच्या दवाखान्यातल्या समुपदेशक ताई माझ्या मागंच लागल्या. त्यांना मी इथे वैशालीताई म्हणेन. त्या म्हणाल्या, नवीन माणूस इथं येतं तेव्हा त्याला आमचं काही ऐकूच येत नाही, नुसतं मान हलवतं. तुमचं लिहिलेलं घरी नेऊन सावकाश वाचेल तरी. मी म्हटलं, ताई, मला मापं लिहायची सवय, लिखाण कुठलं जमतंय. पण लिहायला बसले. सगळ्यांची नावं बदलली आहेत. गाव मात्र उदगीरच ठेवलंय, कारण आमचा तो उन्हाळा दुसऱ्या कुठल्या गावाच्या नावावर खपणार नाही.

एक आधीच सांगते. एचआयव्ही मला कसा आला, कुणाकडून आला, ते इथे सापडणार नाही. लोकांना आधी तेच पाहिजे असतं. आमच्या घरात त्यावर बोलून झालंय, भांडून झालंय, रडून झालंय. ते आमचं आम्ही बघू.

गेरूची रेघ

सुरुवात नागिणीनं झाली. पाठीच्या कण्यापासून पोटाकडं फोडांची पट्टी उठली. आग अशी, की साडीचा काठ लागला तरी जीव जायचा. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मला गेरू लावणाऱ्या एका म्हातारीकडं घेऊन गेल्या. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भेटलं की माणूस जातो, असं आमच्याकडं म्हणतात. म्हणून दोन्ही टोकांना गेरूची रेघ मारून तिची वाट अडवतात. माझ्या बापानं असल्या गोष्टींना घरात कधी थारा दिला नाही. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, बाकी कुणी नाही. तरी मी गेले. आग होत असली की माणूस कुणाच्याही दारात जाऊन उभं राहतं. घरी येऊन रोज आरशात बघायची, तोंड कुठवर आलं.

नांदेडला माझी मोठी बहीण असते, आक्का. तिला फोनवर हे कळलं तशी ती माझ्यावर अशी तापली की दुसऱ्या दिवशीच मी नांदेडच्या गाडीत बसले. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईनं आधी मला तो गेरू पुसायला लावला. मग कमरेकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं, वजन उतरलंय का, ताप येतो का, असं विचारलं. आणि अगदी सहज म्हणाली, एक रक्ताची तपासणी करून घेऊ.

तपासणी कशाची, ते आधी सांगतात, माझी संमतीही घेतली. पण मला वाटलं सगळ्यांचीच करत असतील. मी आक्काशी बाहेर बसून भावजयीच्या चुगल्या करत होते.

मग वैशालीताईंच्या खोलीत बोलावलं. त्यांनी साध्या भाषेत, माझ्याकडं बघत, सांगितलं. पुढं त्या बराच वेळ बोलल्या. त्यातलं मला काही म्हणजे काही आठवत नाही. आठवतं ते इतकंच की त्यांच्या कुडत्याची शिवण खांद्यापाशी उसवली होती आणि पांढरा दोरा बाहेर आला होता. मी त्या दोऱ्याकडं बघत होते. मनात म्हणत होते, शेवटी एक उलटा टाका मारला असता तर उसवली नसती.

त्या दिवशी आक्काकडं जेवायला बसले तर घास जाईना. आक्कानं माझ्याच ताटात भात कालवला आणि त्यातच जेवायला लागली. मी ताट ओढायला गेले. तिनं डोळे वटारले आणि म्हणाली, "जेव गप." पुढं मला फार माणसांनी फार गोष्टी सांगितल्या, पण त्या दोन शब्दांवर मी कितीतरी दिवस काढले.

आमच्या ह्यांचीही तपासणी झाली, त्यांनाही निघालं. हे शाळेत शिपाई आहेत. गोळ्या सुरू झाल्या तशा हे शेंगदाणे खाल्ल्यासारख्या खायला लागले. ह्यांची भीती बाहेर दिसत नाही, फक्त तंबाखू वाढते. आमच्या मुलीची, प्रज्ञाची, तपासणी मात्र स्वच्छ आली. त्या दिवशी मी दवाखान्याच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडले. येणारे-जाणारे बघत होते, बघू दे म्हटलं.

आत्यांना आम्ही काहीच सांगितलं नाही.

आक्काची साखर

गोळ्या लातूरलाही मिळाल्या असत्या. पण उदगीरची माणसं ऊठसूट लातूरला जातात, आणि उदगीरच्या निम्म्या बायकांचं माप मला तोंडपाठ. त्यातली एखादी गोळ्यांच्या रांगेच्या बाजूनं गेली तर माझं दुकान त्याच दिवशी बंद. ब्लाऊज ही अंगाला लागून असणारी गोष्ट. हिला असलं काही आहे असं कळल्यावर कोण बाई मला दंडाचं माप घेऊ देणार होती? म्हणून मी नांदेडच धरलं. दर महिन्याला मुखेडवरून जायचं, आक्काकडं राहायचं, परत यायचं. घरी आणि गल्लीत सांगायचं, आक्काची साखर वाढलीय. आक्का ठणठणीत. पण आमच्या गल्लीतल्या बायका तिच्यासाठी मेथीदाणे द्यायच्या, कारल्याचा रस प्यायला सांगायच्या. मी ते मेथीदाणे इमानदारीनं नेऊन तिला द्यायची.

त्या वर्षी लोकांच्या तोंडी दोनच विषय होते, पाणी आणि जिल्हा. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा आमच्याकडं लोक म्हणायचे, आपल्याला कुणी हातगाड्यावर पण आणून देईना. आणि टँकरच्या रांगेत उभं राहून तीच माणसं म्हणायची, उदगीर जिल्हा होणार. आता नक्की. मंत्र्याच्या माणसानं सांगितलंय. आमच्या समोर सुरेखाबाई राहतात, जळकोटकडं त्यांची शेती आहे. एकदा घागरी लावून आम्ही उभ्या होतो तर त्या मला म्हणाल्या, जिल्हा झाला की मोठा दवाखाना होईल बघ, मग तुज्या आक्कालाच इकडं घेऊन ये, सगळ्या गोळ्या इथंच मिळतील.

सगळी गल्ली खूश, मी सोडून. मोठा दवाखाना म्हणजे ते गोळ्यांचं केंद्रही इथंच येणार, ती रांगही इथंच लागणार. ह्यांच्या शाळेत कुणीतरी जिल्ह्याच्या नुसत्या बातमीवर पेढे वाटले. हे दोन पेढे घरी घेऊन आले. माझा पेढा ताटात तसाच राहिला. सगळ्या तालुक्यात जिल्ह्याला घाबरणारी मी एकटीच असेन.

वैशालीताईंना सांगितलं तर त्यांनी समजूत काढली, म्हणाल्या, जिल्हा असा एका दिवसात होत नसतो, आणि झाला तरी तुमचं नाव कुणी चावडीवर वाचून दाखवणार नाही. त्यांच्या समोर बसले असेपर्यंत मला ते पटलं. मुखेड येईपर्यंत उतरलं.

थेंब

रात्री घ्यायची एक गोळी होती, ती माझ्या अंगाला सोसत नव्हती. डोकं गरगरायचं, जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्यासारखं. स्वप्नं अशी पडायची की सकाळी उठल्यावर आधी घर चाचपून बघायची. सांगितलं असतं तर डॉक्टरांनी काहीतरी केलं असतं. पण मला वाटायचं, आजार म्हणजे हे असंच असणार.

दिवसासुद्धा मी ठिकाणावर नसायची. एकदा दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. कात्री हरवली ती पिठाच्या डब्यात सापडली. भाजी करपली, परत करपली. आत्या म्हणायच्या, "कुठं ध्यान हाय तुजं?" मी म्हणायची, उन्हानं होतंय.

त्यातच सुरेखाबाईंच्या स्वातीचं लग्न ठरलं. मांडवाला पाणी कुठून आणायचं म्हणून साधंच करायचं होतं. पण शालूवरचा ब्लाऊज झोकात पाहिजे, हूक मागं आणि वर नाडी. स्वाती लहानपणापासून माझ्याकडंच शिवते. डाळिंबी रंगाचं कापड होतं, अस्तर तिनंच आणून दिलं.

सगळं झालं होतं. शेवटचा हूक लावत होते आणि सुई टोचली. थेंब अस्तरावर पडला, आतल्या बाजूला, जिथं पाठ लागते तिथं. एवढासा, मुगाच्या डाळीएवढा.

आपलं रक्त आपल्या थुंकीनं निघतं. शिवणारी कुठलीही बाई तोंडात दोरा ओला करून डाग पुसते आणि विसरून जाते. मी तोंडाकडं दोरा नेला आणि तिथंच थांबले. मला वाटलं, थुंकीही माझीच आहे. मी मशीनची मूठ धरून बसले. मी स्वातीला मारलं, असंच वाटलं. वैशालीताईंनी सांगितलेलं सगळं मला पाठ होतं. कपड्यानं होत नाही, कपानं होत नाही, हात लावून होत नाही. पण पाठ असलेलं त्या वेळी काही कामाला येईना.

मी प्यायच्या घागरीतलं पाणी घेतलं आणि ब्लाऊज धुतला. डाग गेला. पुन्हा धुतला. पुन्हा. डाग गेलाय हे दिसत होतं आणि हात थांबत नव्हते.

आता शिवणातली एक गोष्ट सांगते. अस्तर आधी भिजवून, वाळवून मग कापायचं असतं. कोरं अस्तर पाणी लागलं की आटतं. हे मला झोपेतसुद्धा माहीत आहे. पण त्या उन्हाळ्यात प्यायला पाणी नव्हतं, अस्तर कोण भिजवणार? गावात सगळेच तसंच शिवत होते आणि बायकांना सांगत होते, पाणी येईपर्यंत धुऊ नका. मीही स्वातीचं अस्तर भिजवलं नव्हतं. ब्लाऊज दोरीवर वाळला तेव्हा आतून आवळला होता आणि वरून सुरकुत्या पडल्या होत्या.

ते बघून मी शहाणी व्हायला पाहिजे होते. मी उलटंच केलं. शिवून ठेवलेले बाकीचे ब्लाऊजही धुवायला लागले. त्यांच्यावर थेंब पडल्याचं आठवत नव्हतं, पण पडला नाही असंही खात्रीनं आठवत नव्हतं. पिंपातलं पाणी तळाला गेलं. माझा कप, माझं ताट मी वेगळं काढलं. प्रज्ञाची वेणी घालायचं बंद केलं, कंगवा टोकदार आहे म्हणून. ती सातवीत होती. कंगवा घेऊन दारात उभी राहायची आणि मी म्हणायची, मोठी झालीस, तुझी तू घाल. एका सकाळी आत्यांनी पिंपात वाकून बघितलं आणि माझ्या माहेरच्या सगळ्या पिढ्या काढल्या. टँकर कधी येणार ते कुणालाच माहीत नव्हतं. मी ऐकून घेतलं, त्यांचं बरोबरच होतं.

धुतलास कामून

सुरेखाबाई आणि स्वाती ब्लाऊज न्यायला आल्या. मी म्हटलं, जरा काम राहिलंय. सुरेखाबाई म्हणाल्या, घालून तर बघू दे. स्वातीनं आतल्या खोलीत जाऊन घातला. हूक लागेनात. सुरेखाबाईंनी ब्लाऊज हातात घेतला, उलटा केला, अस्तर दोन बोटांत धरून बघितलं.

"धुतलास तू ह्यो," त्या म्हणाल्या. "नवा कोरा ब्लाऊज. प्यायला पाणी न्हाई आन् तू ब्लाऊज धुयलीस. कामून?"

मी म्हटलं, चहा सांडला.

आतून आत्या म्हणाल्या, "चहा कुठला? चहापत्ती संपून आठवडा झाला."

मी कुणाकडंच बघितलं नाही. दारातून समोरच्या दोन बायका आत बघत होत्या. सुरेखाबाई थांबल्या होत्या, त्यांना उत्तर पाहिजे होतं. मला वाटलं, आता हे तोंडातून बाहेर येणार. आता मी सांगणार आणि सगळं संपणार, दुकान, घर, प्रज्ञाची शाळा, आत्यांचं गल्लीत बसणं.

स्वातीनं आईचा हात धरला. म्हणाली, "राहू दे आई. काकू नीट करून देतील." आणि तिला घेऊन गेली.

मी मशीनवर चादर टाकली. तो ब्लाऊज चादरीखालीच राहिला. मग मी उठलेच नाही. जेवण नको, बोलणं नको. कुणी दारावरून गेलं तरी वाटायचं, विचारायला आलं. लग्न तोंडावर होतं आणि सुई हातात धरायच्या नुसत्या विचारानं घाम फुटायचा.

त्यातच विहिरीचा विचार आला. गावातल्या सगळ्या विहिरी कोरड्या आहेत हे लगेच आठवलं आणि मला हसू आलं. आणि मग त्या हसण्याचीच इतकी भीती वाटली की मी उठून बसले. हे चूळ भरत होते. मी जाऊन सांगितलं, "माझ्या डोक्यात विहीर यायलीय."

ह्यांनी हातातली तंबाखूची डबी खाली ठेवली. शाळेत निरोप धाडला, प्रज्ञाला आत्यांच्या हवाली केलं आणि माझं मनगट धरून गाडीत बसवलं. नांदेड येईपर्यंत त्यांनी ते मनगट सोडलं नाही. गर्दीत लोक बघत होते, ह्यांना त्याचं काही नव्हतं.

हे वाचणाऱ्या बाईला किंवा बाप्याला माझं एवढंच सांगणं आहे. असा विचार आला तर त्याच क्षणी कुणाला तरी तोंडानं सांगा. नीट शब्द सुचले नाहीत तरी चालतंय, मला कुठं सुचले होते.

अंगावरची शिवण

वैशालीताईंनी सगळं ऐकलं. थेंब, धुणं, कप, वेणी, विहीर. त्या मला हसल्या नाहीत आणि दयाही दाखवली नाही. म्हणाल्या, ब्लाऊजवरच्या थेंबानं स्वातीला काही होणार नाही, हे मी तुम्हाला शंभर वेळा सांगेन, पण आज तुम्हाला दुसऱ्या डॉक्टरांकडंही नेणार आहे. मनोविकार विभागाची पाटी दिसली तशी मी थांबले. एक नाव लागलंच होतं, आता वेडीचंही लागणार. ह्यांना म्हटलं, घरी जाऊ. ह्यांनी ऐकलं नाही.

ते डॉक्टर वयस्क होते, बोलायला गमतीदार. त्यांनी सांगितलं की भीतीनं पुन्हा पुन्हा धूत बसणं हाही एक आजारच आहे आणि तो बरा होतो. म्हणाले, पाणी नसलेल्या गावात हा आजार करून घ्यायला भलतीच हिंमत लागते. कितीतरी दिवसांनी मला खरं हसू आलं. रात्रीच्या गोळीबद्दल ते आमच्या डॉक्टरांशी बोलले आणि ती बदलून मिळाली. भीतीसाठी वेगळी गोळी दिली. लगेच फरक पडणार नाही, धीर धरा, असंही बजावलं.

परत वैशालीताईंच्या खोलीत आलो. त्यांनी ड्रॉवरमधून सुईदोरा काढला आणि खांदा माझ्याकडं केला. तोच कुडता होता, पहिल्या दिवसाचा. शिवण अजून उसवलेलीच. म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही माझं एक अक्षर ऐकलं नाहीत, नुसतं इथं बघत होता. आता शिवून द्या."

मी म्हटलं, काढून द्या. त्या म्हणाल्या, "अंगावरच शिवा."

अंगावर शिवायचं असलं तर आमच्याकडं ज्याच्या अंगावर शिवतात त्यानं तोंडात दोरा धरायचा असतो, शिवण पुरी होईपर्यंत बोलायचं नसतं. वैशालीताईंना ते माहीत होतं. त्यांनी दोऱ्याचा तुकडा तोडला, दातांत धरला आणि गप्प बसल्या. म्हणजे आता मला धीर द्यायलाही कुणी नव्हतं. हे दाराशी टोपी कुरवाळत उभे होते.

मी दोरा ओवला. तीन वेळा हुकला. पहिला टाका घेतला. सुई आणि त्यांची कातडी यांच्यात फक्त ते पातळ कापड होतं. मी माझं बोट मधे घातलं, आम्ही घालतोच. आणि चौथ्या-पाचव्या टाक्याला सुई माझ्या बोटात गेली.

मी हात झटकून मागं सरकले. भिंतीला पाठ लागली. वैशालीताई जागच्या हलल्या नाहीत. टेबलावरचा कापूस त्यांनी माझ्याकडं सरकवला. मी बोट दाबून धरलं, पट्टी लावली. त्या तशाच बसलेल्या, दातांत दोरा, खांदा माझ्याकडं, अर्धी शिवण उघडी, सुई लोंबकळत. त्या उठल्या असत्या तर मीही पळाले असते. त्या उठल्या नाहीत. मग मी पुढं झाले आणि टाका पुरा केला. शेवटी उलटा टाका मारून दोरा तोडला.

त्यांनी तोंडातला दोरा काढला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा त्या व्हरांड्यात कुणाशी तरी बोलत उभ्या होत्या, तोच कुडता घालून. मी वळून वळून बघत होते.

दाब

ब्लाऊज शिवताना मी दाब सढळ सोडते, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवते. बायकांची अंगं बदलतात. स्वातीच्या ब्लाऊजचे दोन्ही बाजूंचे दाब मी उसवले, अस्तर ओढून बसवलं, इस्त्रीनं सुरकुत्या काढल्या. एरवी दुपारभराचं काम, मला दोन दिवस लागले. हे दारात पेपर घेऊन बसले होते. तो पेपर जुना होता. काम झालं आणि हात घागरीकडं गेला. ह्यांनी नुसतं वर बघितलं. मी घागरीवर झाकण ठेवलं.

लग्नात ब्लाऊज स्वातीला छान बसला होता. सगळ्यांनी अक्षता टाकल्या, जेवणं झाली. मी तिच्या पाठीकडंच बघत बसले होते.

मला वाटलं होतं, लग्न झालं की सुटले. तसं झालं नाही. पुढं काही महिन्यांनी सुरेखाबाईंनी पेढे आणले, स्वातीला दिवस गेलेत म्हणून. आणि मला एकच आठवलं, गरोदर बाईची ती तपासणी करतातच. तिचं रक्त घेतील. मग कळेल. काय कळेल? काही कळण्यासारखं नव्हतं, हे मला माहीत होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, वैशालीताईंनी शंभर वेळा सांगितलं होतं. तरी समोरचं दार वाजलं की मी कानोसा घ्यायची.

त्यात पाऊसपाणी झालं आणि नळ सुरू झाले. लोक आनंदले. मी फार घाबरले. पाणी नव्हतं तोवर पाण्याची लाज होती. आता तोटी सोडली की पाणी, कितीही धुवा. किती वेळा मी शिवलेला ब्लाऊज घेऊन मोरीपर्यंत गेले आणि परत आले. काही वेळा परत आले नाही, धुतलाच. ते वैशालीताईंना सांगायची. त्या म्हणायच्या, बरं, पुढचा नका धुऊ.

एक मात्र झालं. एका सकाळी प्रज्ञा कंगवा घेऊन आली आणि माझ्यापुढं पाठ करून बसली. शाळेची वेळ झाली तरी उठेना. मी कंगवा घेतला. भांग पाडला. तिनं विचारलं, "आई, ओढत कामून न्हाईस आज?" म्हटलं, हळू घालायलेय. ती म्हणाली, घट्ट घाल, सुटते मग.

हूक

डोहाळजेवणाला स्वाती माहेरी आली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडं आली. अंगानं भरली होती, चेहरा तुकतुकीत. हातात तोच डाळिंबी ब्लाऊज. म्हणाली, कार्यक्रमाला हाच घालायचाय, पण बसंना.

मी तिला बसायला दिलं आणि विचारलं, तब्येत कशी, दवाखाना चालू आहे ना. माझा आवाज मलाच लांबून येत होता. ती भडाभडा सांगायला लागली. रक्त कमी होतं, आता वाढलंय. साखर नाही. आणि म्हणाली, "ती एचआयव्हीची पण केली. समद्यांचीच करतात म्हणे. काही न्हाई निघालं."

मी मशीनला धरून उभी होते ती स्टुलावर बसले. तिनं विचारलं, काय झालं काकू. म्हटलं, ऊन लागलं. घरात सावली होती, पण तिनं ऐकून घेतलं.

मी ब्लाऊज उलटा केला. पाठीपाशी बघितलं. तिथं काहीच नव्हतं, नुसतं अस्तर. दाब अजून थोडा शिल्लक होता. मी तिथंच, तिच्या समोर, उसवून सैल केला. शेवटचा हूक पुन्हा लावावा लागला. सुई टोचली. थेंब आला नाही, पण टोचली. बोट कधी तोंडात गेलं मला कळलंही नाही. मग कळलं, आणि पूर्वीची ती सगळी भीती पायापासून वर चढत आली, अगदी पहिल्यासारखी. गोळ्या चालू होत्या, सगळं माहीत होतं, तपासणीचं आत्ताच ऐकलं होतं, तरी आली. भीती गेली असं मी इथे लिहिणार नाही. वाचणाऱ्याची फसवणूक होईल.

स्वाती म्हणाली, घालूनच बघते. आतल्या खोलीत गेली, घातला आणि हाक मारली, काकू, मागचे हूक लावा, माझा हात पोचंना.

मोरी दोन पावलांवर होती. मी तिकडं न जाता आतल्या खोलीत गेले. ती पाठ करून उभी होती. मी पहिला हूक लावला, मग दुसरा. बोटं तिच्या पाठीला लागत होती. शेवटचा लागला.

"काकू," ती म्हणाली, "तुमचे हात किती गार हायत."

मी हात काढले नाहीत. म्हटलं, "असू दे. सरळ उभी राहा, नाडी बांधते."